लोणावळ्याचा रविवार आणि रविवारचा वर्ग

लोणावळ्यात रविवार सुट्टीचा नसतो, कमाईचा असतो. सकाळपासून मुंबई-पुण्याच्या गाड्या गावात शिरू लागतात. चिक्कीच्या दुकानांपुढे गर्दी होते, भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजली जातात, भज्यांची कढई चढते. भाड्याने दिलेल्या बंगल्यांमध्ये स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईला दुपारी तीनपर्यंत पाठ टेकायला मिळत नाही. आठवड्याचा निम्मा गल्ला शनिवार-रविवार या दोन दिवसांतच जमतो, असं म्हणणारे दुकानदार गावात पुष्कळ आहेत. आणि शिक्षण अर्ध्यात सुटलेल्या मोठ्या माणसांनी यायचं असतं ते मुक्त शिक्षणाचे संपर्क वर्गही बहुतेक ठिकाणी रविवारीच भरतात.

रविवार ठरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिकला सुरू झालं. त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. नोकरदाराला सुट्टी रविवारी, महाविद्यालयांच्या खोल्याही त्या दिवशी रिकाम्या, म्हणून वर्ग रविवारी. बारावी न झालेल्या प्रौढांनाही या विद्यापीठाने पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीकडे जायची वाट काढून दिली. ‘नापास’ हा शिक्का कपाळावर घेऊन वीस वर्षं काढलेल्या कितीतरी माणसांना ती वाट म्हणजे दुसरा जन्म वाटली.

ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ उभं आहे, त्यांचंही शिक्षण सरळ रेषेत झालं नव्हतं. १९३२ साली स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेलेले यशवंतराव मॅट्रिक झाले १९३४ साली, एकविसाव्या वर्षी. अलीकडचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण एकनाथ शिंदे यांचं. तरुणपणी शिक्षण सोडावं लागलं, ठाण्यात रिक्षा चालवली, राजकारणात पुढे आले आणि मंत्री असताना याच विद्यापीठातून ७७.२५ टक्के गुण मिळवून बी.ए. झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. राजकीय मतं बाजूला ठेवूनही या गोष्टीची नोंद घ्यायला हवी. परीक्षेला बसायची लाज वाटणाऱ्या अनेकांना अशा बातमीने बळ येतं.

लोणावळा ज्या तालुक्यात येतं त्या मावळात हे बळ लागणारी माणसं कमी नाहीत. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ अशी या तालुक्याची तीन खोरी. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या तिथल्या बायकांपैकी अनेकींची शाळा सातवीला नाहीतर दहावीला सुटली. हायस्कूल दूर, एसटीच्या फेऱ्या मोजक्या, पावसाळ्यात ओढ्यांना पाणी, आणि वयात आलेली मुलगी एवढ्या लांब एकटी कशी पाठवायची, ही घरच्यांची काळजी. मग लग्न, लेकरं, शेत. आता लेकरं कॉलेजात जाऊ लागली आणि दुपारी घर रिकामं झालं. शिवाय कागदाची गरजही वाढली. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी आता बारावी उत्तीर्ण ही अट आहे. एकेकाळी गावातली समजूतदार बाई एवढी ओळख ज्या कामाला पुरायची, तिथेही गुणपत्रक मागितलं जातं.

पुरुषांची अडचण वेगळी. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२०मध्ये थांबलं आणि हजाराहून अधिक कामगारांच्या डोक्यावरचं छप्पर हललं. पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. पण पस्तिशी-चाळिशीच्या माणसाला मधल्या काळात पुन्हा अर्ज लिहावे लागले, आणि अर्जातल्या ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यापाशी हात अडला. लोणावळ्यात नौदलाचं ‘आयएनएस शिवाजी’ हे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे. पंधरा वर्षांची सेवा संपवून नौसैनिक बाहेर पडतो तेव्हा त्याचं वय पस्तिशीच्या आसपास असतं. जहाजाचं इंजिन उघडून पुन्हा जोडणाऱ्या या माणसालाही नागरी नोकरीच्या दारात पदवीबद्दल विचारलं जातं.

यांतलं कुणी परत शिकायचं ठरवतं तेव्हा पहिली परीक्षा पुस्तकाची नसते, कागदांची असते. दहावी-बारावी राहिली असेल तर ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरायचा, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसायचं. शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा. मधली वर्षं काय केलं याचं प्रतिज्ञापत्र करायचं, त्याला सगळे ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात. बाईच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला, नाहीतर राजपत्रातली नोंद लागते. तालुक्याच्या ठिकाणी, वडगावच्या कचेरीत दोन खेपा झाल्या की दोन दिवसांची मजुरी बुडते. प्रवेशाची धावपळ बहुधा पावसाळ्यात, म्हणजे नेमकी भातलावणीच्या दिवसांत. वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या इंद्रायणी तांदळाने मावळाचं नाव घराघरांत पोचवलं. त्या भाताची रोपं चिखलात रोवणाऱ्या हातांना अर्जाची शेवटची तारीख मात्र सांभाळून घेत नाही.

शिक्षणाला वय नसतं, हे वाक्य सत्कारात छान वाटतं. वय नसेल, पण वेळापत्रक असतं, आणि ते बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या दिवसाकडे बघून आखलेलं असतं.

ही अडचण शंभर वर्षांपूर्वी एका बाईने फार धाडसाने सोडवली. पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७०चा. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरी लहान मुलगा. बहीण बाया ही धोंडो केशव कर्वे यांची पत्नी, त्यामुळे त्या पुण्याला आल्या आणि पंचविशीनंतर शिकू लागल्या. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. इंग्रजी येत नसल्याचं मात्र त्यांना सतत खुपत राहिलं. आश्रमाच्या जबाबदाऱ्यांतून सलग अभ्यास होईना. तेव्हा १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं आणि भाषा शिकली. १९२०मध्ये परत येऊन त्या पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. १९२८ साली ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र आलं. शिकायला वेळ मिळावा म्हणून समुद्र ओलांडणारी ही बाई. पण प्रत्येकीला समुद्र ओलांडायला लावणं हा काही उपाय नव्हे.

उपाय शोधणारेही महाराष्ट्रातच झाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवस मालकाचा असेल तर वर्ग रात्री भरला पाहिजे, इतका साधा हिशेब त्यामागे होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं आणि ते सकाळी भरवलं. सकाळी तास, मग कचेरीत नोकरी. गरीब घरातल्या कमावत्या मुलांना त्यामुळे पगार न सोडता पदवी घेता आली. आणि २०१६च्या महिला दिनी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठी ते नव्वदीतल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन येऊ लागल्या. त्यांची छायाचित्रं जगभर गेली. त्या छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट शाळेच्या वेळेत आहे. वर्ग दुपारचा ठेवला, सकाळची कामं उरकल्यावर आणि संध्याकाळची चूल पेटण्याआधी.

खुद्द लोणावळ्यात मोठ्या माणसांनी विद्यार्थी होण्याची परंपरा जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम स्थापन केलं. योगाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायचा, हा त्यांचा ध्यास. संस्थेच्या गोरधनदास सेक्सारिया योग महाविद्यालयात विशीतल्या मुलांच्या शेजारी चाळिशी-पन्नाशीचे लोक बसतात. कुणी नोकरीतून निवृत्त, कुणी परदेशातून आलेलं. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असो की वर्षभराच्या आसपासचा पदविका अभ्यासक्रम, पाठांतर, सतरंजीवरची आसनं, शरीरशास्त्राची आकृती, लेखी परीक्षा हे सगळं त्यांनाही चुकत नाही. आवारात राहायचं, तिथेच जेवायचं, तिथेच अभ्यास करायचा. इथे येणारा माणूस सहा आठवड्यांपुरता स्वतःच्या घराबाहेर पडलेला असतो, म्हणून त्याचा अभ्यास होतो. त्याच गावातल्या बंगल्यात पाहुण्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला असे सहा आठवडे कोण देणार?

सरकारी नियम अलीकडे सैल झाले आहेत, हे मान्य करायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष शिकून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक बँकेत पैसे ठेवावेत तसे सात वर्षांपर्यंत जपून ठेवायची सोय आहे. सासूच्या आजारपणात दुसऱ्या वर्षाला थांबलेली बाई तिसऱ्याला परत येऊ शकेल. पूर्वी अशी थांबलेली बाई बहुधा कायमची थांबायची. पण परत यायचं ते कुठल्या वारी, कितीच्या गाडीने, हे दिल्लीतून ठरत नाही. ते कॉलेजच्या सूचनाफलकावर ठरतं.

सोयीचं वेळापत्रक आखायला हवं ते सगळं मावळाकडे आहे. लोणावळ्यात डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय आहे, तळेगावात इंद्रायणी महाविद्यालय आहे. १९७८पासून धावणारी लोणावळा-पुणे लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी गावं ओवत जाते. चौसष्ट किलोमीटरच्या या प्रवासात डब्यात वह्या उघडून बसलेली माणसं रोज दिसतात. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे एकाच लोकलच्या वाटेवर कुणाला रविवार सोयीचा, कुणाला गुरुवार, कुणाला मधल्या वारची दुपार. एक जास्तीचा वर्ग, लोकलच्या वेळेशी जुळवलेला, आणि लावणीच्या पंधरवड्यात कागद द्यायला थोडी मुदत: एवढं महाविद्यालयांनी आणि मुक्त विद्यापीठाने मिळून करावं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

मंगळवारी दुपारी तीन वाजता लोणावळ्याचा बाजार शांत असतो. चिक्कीच्या दुकानातली बाई काचेवरची धूळ पुसून झाल्यावर स्टुलावर बसलेली असते. बंगल्यांची फाटकं बंद असतात, चादरी दोरीवर वाळत असतात, पुढचं बुकिंग शुक्रवारचं. संध्याकाळच्या स्वयंपाकाला अजून दोन तास आहेत.