‘खाण तशी माती’ हे कितपत खरे?

गेल्या पावसाळ्यात पोटाच्या विकारासाठी आम्हांस डोंबिवलीतील एका डॉक्टरांकडे जावे लागले. त्यांनी रीतीप्रमाणे प्रश्न विचारण्यास आरंभ केला. घरात कोणास मधुमेह? मातोश्रींस होता. रक्तदाब? वडिलांस होता. हृदयविकार? नाही. ही उत्तरे आम्ही भराभर दिली. मग त्यांनी तितक्याच सहजपणे विचारले, “घराण्यात कोणास दारूचे व्यसन?” आणि वीस वर्षे वर्गात सत्य बोलण्याचा पाठ देणारे आम्ही तत्काळ उद्गारलो, “छे, मुळीच नाही!”

शेजारी आमचा सोळा वर्षांचा मुलगा बसला होता. खरे पाहता ते उत्तर डॉक्टरांसाठी नव्हतेच. ते त्याच्यासाठी होते. आमच्या वडिलांचे थोरले बंधू कल्याणास रेल्वेत नोकरीस होते. ऐन बेचाळिशीत ते दारूपायी गेले. घरात मात्र ‘काविळीने गेले’ एवढेच सांगण्याचा प्रघात पडला, आणि त्यांचे छायाचित्र भिंतीवरून उतरले ते उतरलेच.

वाचकहो, ही एकट्या आमच्या घरची कथा असती तर ती या पानांवर मांडण्याचे कारण नव्हते. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीचा असा अंदाज आहे की, मद्याच्या बाबतीत मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख लोक या देशात आहेत. इतक्या घरांतून हा रोग असताना तो कोणाच्याच घराण्यात नसावा, हे मोठे आश्चर्यच म्हटले पाहिजे! मधुमेह सांगताना आम्हांस लाज वाटत नाही. दारू सांगताना वाटते. मुलीच्या लग्नात विघ्न येईल, मुलगा आदर ठेवणार नाही, शेजारी ‘खाण तशी माती’ म्हणतील, अशी नाना भये आड येतात. म्हणून ही म्हण कितपत खरी आहे हेच प्रथम पाहू.

१९७३ साली डोनाल्ड गुडविन या वैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आई किंवा बाप मद्यासक्त, परंतु स्वतः तान्हेपणीच दत्तक जाऊन परक्या घरी वाढलेले, असे ५५ पुरुष त्यांनी तपासले. त्यांतील १० जण पुढे मद्यासक्त झाले. ज्यांच्या जन्मदात्यांत हा दोष नव्हता अशा ७८ दत्तक पुरुषांत हीच संख्या अवघी ४ होती. म्हणजे बापाचा पेला डोळ्यांनी न पाहताही मुलास धोका सुमारे साडेतीनपट आढळला. जुळ्या भावंडांवरील पुढील अभ्यासांनीही या रोगाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असल्याचे दाखविले आहे.

तेव्हा म्हण निराधार नाही. परंतु त्याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा. ५५ पैकी ४५ जण मद्यासक्त झाले नाहीत. रक्तातून धोका येतो, शिक्षा येत नाही. खाणीवरून माती कशी असेल याचा अदमास बांधता येतो. त्या मातीचे भांडे कोणते घडवावे हे मात्र आधीच ठरलेले नसते.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. घराण्याचा इतिहास विचारणे निराळे आणि मनुष्याच्या व्यसनाची चाचणी करणे निराळे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार करविलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आज जगभर वापरली जाते. पहिले तीन प्रश्न किती व किती वेळा पितो याविषयी. पुढील तीन पिण्यावरचा ताबा सुटला आहे काय याविषयी. उरलेले चार पश्चात्ताप, विस्मरण, इजा आणि जवळच्या माणसांची काळजी यांविषयी. एकूण गुण ४०. ८ किंवा अधिक आल्यास सावध व्हावे असा संकेत आहे. या दहांत बापाविषयी किंवा आजाविषयी एकही प्रश्न नाही! पिणाऱ्याची आजची स्थिती चाचणी सांगते. न पिणाऱ्याने उद्या किती जपावे हे घराण्याचा इतिहास सांगतो. म्हणून ज्याने अजून पेल्यास स्पर्शही केला नाही, त्या विद्यार्थ्यास ही दुसरी माहितीच अधिक मोलाची आहे, आणि तीच आपण त्याच्यापासून दडवितो.

विद्यार्थ्यांनो, आता दोन गोष्टी तुम्हांस सांगतो. ‘मला चढत नाही’ अशी फुशारकी मारणारा एखादा मित्र तुम्हांस भेटेल. अमेरिकेतील मार्क शुकिट या वैद्यांनी मद्यासक्तांच्या तरुण मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तेवढ्याच मद्याचा परिणाम या मुलांतील पुष्कळांस इतरांपेक्षा कमी जाणवे. आणि ज्यांस कमी जाणवे, तेच पुढे व्यसनात अधिक सापडले. तेव्हा न चढणे हे शौर्य नव्हे, तो धोक्याचा कंदील आहे. दुसरी गोष्ट वयाची. त्याच देशातील एका मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत पिणे सुरू करणाऱ्यांस व्यसन जडण्याचे प्रमाण एकविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. आपल्या राज्याच्या कायद्याने बियर व वाईन यांस २१ आणि कडक दारूस २५ वर्षांची मर्यादा घातली आहे, ती उगीच नव्हे.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी ज्यांच्या नावाचे रंगायतन उभे आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ पालकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. त्यातील सुधाकर बुद्धिमान वकील होता. दारू अडाण्यांसच गाठते असे नाही, हे गडकऱ्यांनी तेव्हाच दाखविले. नाटकात सुधाकराचे तान्हे बाळ वाचत नाही. प्रत्यक्ष संसारात मात्र अशी बाळे वाचतात, मोठी होतात आणि आमच्या वर्गांत येऊन बसतात. शेवटच्या लोकलने बाप धडपणे उतरला की नाही याची चिंता करीत ती रात्री जागतात, आणि सकाळी गणित चुकले म्हणून आमची बोलणी खातात. आमच्या ख्रिस्ती समाजात तर लग्नकार्यी पेला पुढे करणे हा शिष्टाचारच होऊन बसला आहे; त्या पेल्याआधी समोरच्याच्या घरची हकीकत कोण विचारतो?

मग उपाय काय? प्रथम बोलणे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांशी खास शिकविलेल्या, परंतु डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी फार तर चार बैठकी केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातील शेकडा ३६ जण धोक्याच्या रेषेखाली आले. इतरांत हे प्रमाण २६ होते. चार बैठकींच्या संभाषणाचे हे फळ काही लहान नव्हे.

ज्यांचे व्यसन पुढे गेले आहे त्यांस मात्र वैद्यकीय देखरेख हवी. रोज पिणाऱ्यास एकाएकी कोंडून ठेवून दारू तोडणे जिवावर बेतू शकते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभे आहे. पुण्यास अनिल व सुनंदा अवचट या दांपत्याने १९८६ साली स्थापिलेले मुक्तांगण आहे. १४४४६ या सरकारी दूरध्वनीवर व्यसनाविषयी सल्ला मिळतो. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ आहे. तो फिरविण्यात बापाचा अपमान नाही.

राहता राहिली आमची गोष्ट. आठ दिवसांनी आम्ही मुलासह पुनः डॉक्टरांकडे गेलो व आमचे उत्तर दुरुस्त केले. त्यांनी मान हलविली आणि कागदावर एक ओळ लिहिली. आकाश काही कोसळले नाही. परतताना मुलाने बराच वेळ काही विचारले नाही. मग तो म्हणाला, “बाबा, ते आजारी होते, तर त्यांचा फोटो का काढून ठेवला?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आता ते छायाचित्र पुनः भिंतीवर आहे. पालकहो, आपल्याही घरी असे एखादे रिकामे खिळे असतील. मुलगा पहिला पेला हाती घेण्यापूर्वी त्यास त्या खिळ्याची हकीकत सांगा, एवढीच आमची विनंती आहे.