नूरदाल ग्रीग: बर्गेन ते बर्लिन
नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये १९०२ साली जन्मलेला लेखक नूरदाल ग्रीग काठावर बसून लिहिणारा नव्हता. विशीच्या आतच तो मालवाहू जहाजावर खलाशी झाला. तिथलं रोगट, हलाखीचं आयुष्य त्याने १९२४च्या पहिल्या कादंबरीत इतकं उघडं मांडलं की नॉर्वेत वाद पेटला. पुढे बातमीदार म्हणून चीन, स्पेन. मध्ये मॉस्कोत राहून तो कम्युनिझमकडे वळला, आणि स्टालिनने जुन्या सहकाऱ्यांवर भरवलेल्या खटल्यांची त्याने पाठराखण केली. अन्यायाची एवढी चीड असलेल्या माणसाला हा अन्याय दिसू नये? मला हे माफ करता येत नाही, त्याच्यावर जीव असूनही. १९४०च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत उतरलं, तेव्हा मात्र तो डगमगला नाही. राष्ट्रीय बँकेचं सोनं शत्रूच्या हाती न लागू देता इंग्लंडला नेणाऱ्यांत तो होता. २ डिसेंबर १९४३च्या रात्री बर्लिनवरचा हल्ला स्वतः पाहून लिहायचा म्हणून तो लँकेस्टर बॉम्बरमध्ये चढला. विमान पाडलं गेलं, तो गेला. वय ४१. तरुणांना उद्देशून लिहिलेली त्याची १९३६ची कविता नॉर्वेत आजही गातात. खटल्यांवरचे त्याचे लेखही तितक्याच आस्थेने वाचले जावेत.