चढताना दम, उतरताना गुडघा



नवरात्र जवळ आले की अकोले, इगतपुरी भागात घरोघरी कळसूबाईला जायच्या गोष्टी सुरू होतात. कुणाचा नवस फेडायचा असतो, कुणाला नव्या सुनेला देवीच्या पायांवर घालायचे असते. शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. बारी गावातून वर पोचायला तीन-चार तास लागतात. उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत.

आमच्या शेजारच्या काकू अशाच हौसेने गेल्या. उतरताना निम्म्या वाटेवर गुडघा धरला. दोघांनी खांदा देऊन खाली आणले. पुढे तीन आठवडे त्यांना उकिडवे बसता येईना, आणि भाताची कापणी तोंडावर आलेली! काकू म्हणतात, “चढताना तर काहीच झालं नाही हो!”

खरी मेख इथेच आहे. चढताना दम लागतो, म्हणून आपण आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून पाय सुटतात. भरलेली बैलगाडी उतारावर मोकळी सोडून चालते का? बैलांना ती मागे रेटून धरावी लागते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू हेच काम करतात. ते थकले की सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो.

“आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला सराव कशाला?” असे म्हणू नका. निंदणी-खुरपणीत शरीर राबते खरे, पण तासन्‌तास उतार उतरण्याची सवय त्यातून होत नाही. जाण्याआधी तीन-चार आठवडे सकाळ-संध्याकाळ एवढेच करा. खुर्चीवर बसा आणि हात न टेकता दहा वेळा उठा. मग ओट्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय सावकाश जमिनीला लावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. गुडघ्यात कळ आली तर थांबा.

निघताना पायांत नवी चप्पल नको. वापरून मऊ झालेले, तळाला चांगली पकड असलेले बूट घाला. शिदोरी एका खांद्याला न लटकवता पाठीवर घ्या. हातात मजबूत काठी हवी. एकच गुडघा दुखत असेल, तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरा. पायऱ्यांवर एक नियम लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. पावले लहान टाका, दगडावरून उडी मारू नका. शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवा, काठी सोबत्याकडे द्या आणि दोन्ही हातांनी धरा. अर्ध्या तासाने पाच मिनिटे बसा. उतरतानाही बसा बरे का!

पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घोट-घोट घेत राहा. पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ करून पायाची बोटे हळूहळू आपल्याकडे ओढा.

घरी आल्यावर गुडघा सुजला असेल, तर गार पाण्यात पिळलेले फडके पंधरा-वीस मिनिटे ठेवा आणि पाय गोधडीच्या वळकटीवर उंच ठेवा. ताज्या सुजेवर गरम शेक नको, जोराचे मालीशही नको. नुसत्या मांड्या दोन-तीन दिवस भरून आल्या तर घाबरू नका. थोडे-थोडे चालत राहा.

दुखणे दाबायला गोळी किंवा इंजेक्शन घेऊन डोंगर चढू नका. दुखणे म्हणजे राखणदाराची हाक. राखणदाराचेच तोंड बांधले, तर शेताची नासाडी कळणार कशी? शिवाय घाम जाऊन अंगातले पाणी कमी झालेले असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

मुरगळल्यावर काही तासांतच गुडघा टरटरून फुगला, अडकून बसला, चालताना दगा देऊ लागला किंवा पायावर भार टाकवेना, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती मुळीच चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. चढताना छातीत दुखले तर तिथेच थांबा, सोबत्यांना सांगा आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवा.

आणि मायबहिणींनो, गुडघा आधीच सुजलेला असेल, तर यंदा बारीतूनच हात जोडा. देवी रागावणार नाही. “सगळे जातात, मी कशी मागे राहू?” या भिडेपायी दुखणे लपवू नका. घरच्यांनीही आईला, सासूला आधी विचारावे, “गुडघा कसा आहे?” चार पावले सोबत हळू उतरलात, तर कापणीला सगळे घर विळा घेऊन उभे राहील.