एकाच घरात दुसरी चूल

बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकविक्रेत्याने २०१० साली ‘नूक कलर’ हे वाचनयंत्र २४९ डॉलरला विक्रीस आणले. सुरू होताना ते प्रथम मेमरी कार्ड तपासत असे. हे हेरून काही ग्राहकांनी कार्डावर स्वतंत्र अँड्रॉइड प्रणाली बसवली. कार्ड काढताच मूळ प्रणाली पूर्ववत चालू होई. यंत्र स्वस्त दिले ते पुस्तकविक्रीच्या भरवशावर, असे विक्रेता म्हणेल. परंतु विक्रेत्याचा भरवसा म्हणजे ग्राहकाचे ऋण नव्हे. २००९ साली अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ची, हक्कांविना विकली गेलेली आवृत्ती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसली; पैसे तेवढे परत केले. दाम मोजूनही किल्ली दुकानदाराकडेच राहणार असेल, तर ती खरेदी नव्हे, भाडेकरार होय. पहिली चूल न विझवता दुसरी मांडण्याचा अधिकार घरमालकाला असलाच पाहिजे.