होडीचा भोंगा आणि होडीवाल्याचा कान

पावसाळा सरत आला की मालवण-तारकर्लीपासून मुरूड-राजपुरीपर्यंत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या पर्यटकांच्या होड्यांची डागडुजी सुरू होते. तळाला रंग लागतो, इंजिन उघडले जाते, बाकांना नव्या गाद्या शिवल्या जातात. हल्ली त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. जुना पिपाणीसारखा विजेचा हॉर्न काढून तेथे कॉम्प्रेसरवर चालणारा दोन-तीन कर्ण्यांचा एअर हॉर्न बसविला जातो. "शेजारच्याचा आवाज पार किल्ल्यापर्यंत जातो, मग आपलाच का मागे?" असा त्यामागचा विचार.

आरोग्याच्या सदरात होडीचा भोंगा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण किनाऱ्यालगत दवाखाना चालविणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला हा विषय टाळता येत नाही. कानात रातकिडे बोलतात, घरचे बोलतात ते ऐकू येते पण शब्द कळत नाहीत, अशा तक्रारी घेऊन चाळिशीही न गाठलेले तांडेल आणि खलाशी माझ्याकडे येतात. दिवसभर डिझेल इंजिनाची धडधड आणि डोक्यावर भोंगा, अशी त्यांची नोकरी.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. भोंगा हवाच. तो चैनीची नव्हे, सुरक्षिततेची वस्तू आहे. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९७७ पासून ते लागू आहेत. १२ मीटर किंवा त्याहून लांब नौकेवर भोंगा सक्तीचा आहे. त्याहून लहान होडीवर परिणामकारक आवाज काढणारे काही तरी साधन असलेच पाहिजे. एक आखूड आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटे चालविले आहे. पाच किंवा अधिक भराभर आवाज म्हणजे तुमचा बेत मला कळत नाही, सांभाळा. धुक्यात चालत्या यांत्रिक नौकेने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब आवाज द्यायचा असतो. ही एक भाषाच आहे आणि तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आता कानाचे गणित पाहू. २० मीटरपेक्षा लहान नौकेच्या, खालच्या पट्टीतील भोंग्याचा आवाज एक मीटर अंतरावर १२० डेसिबल असावा, असे हे नियम सांगतात. असा आवाज साधारणपणे अर्धा सागरी मैल, म्हणजे नऊशे मीटरच्या आसपास पोहोचतो. पर्यटकांच्या होडीला तो पुरेसा आहे. माणसाच्या कानाला मात्र ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंतच सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे, ११० ला जेमतेम दीड मिनिट आणि १२० ला दहा सेकंदांहूनही कमी! दिवसाच्या पंधरा-वीस फेऱ्यांत भोंग्याखाली बसलेल्या माणसाचा हा हिशेब सकाळीच संपतो.

आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यातील नाजूक केसपेशी आवाजाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. मोठ्या आवाजाने या पेशी मरतात आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उंच पट्टीचा आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. त्यामुळे स, श, फ यांसारखी अक्षरे हरवतात आणि माणूस "काय म्हणालात?" असे वारंवार विचारू लागतो. याला औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. लसणीचे कोमट तेल कानात घातल्यानेही काही साधत नाही.

यातला विरोधाभास असा की, ज्याने दुसऱ्याचा भोंगा ऐकून होडी वळवायची त्याचेच कान आपल्या भोंग्याने निकामी होतात. वीस-पंचवीस प्रवाशांचा जीव ज्याच्या हाती, तो अर्धवट बहिरा असणे कोणाला परवडेल?

म्हणून माझे मत असे की, मोठा भोंगा बसविण्यापेक्षा आहे तो योग्य जागी बसवावा. वरील नियमांतच म्हटले आहे की, भोंगा शक्य तितका उंच लावावा आणि आपल्याच नौकेवर कान देऊन उभे राहण्याच्या जागी त्याचा आवाज ११० डेसिबलच्या वर जाऊ नये. शक्यतो १०० च्या आत असावा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे सुकाणूपासून एक मीटरवरचा भोंगा चार मीटरवर नेला तर १२ डेसिबल कमी होतात. खर्च फक्त थोड्या जादा वायरचा आणि नळीचा. कर्णे पुढच्या दिशेला, किंचित खाली झुकलेले असावेत, म्हणजे त्यांत पाणीही साचत नाही. प्रवाशांच्या बाकांच्या डोक्यावर तर भोंगा कधीच नको. लहान मुलांचे कान अधिक जपावे लागतात आणि हृदयविकाराच्या वृद्धांना अचानक आवाजाने धडधड सुटते.

दुसरे असे की, ट्रकवरचे गाणारे हॉर्न होडीवर मुळीच बसवू नयेत. रस्त्यावरील खासगी वाहनांना १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी त्यांची बंदी आहे. समुद्रावर तर ते अधिक घातक, कारण सात सुरांच्या त्या गोंगाटात "मी उजवीकडे वळतो" हे कोणाला कळणार? गिऱ्हाईक बोलावण्यासाठी, डॉल्फिन दिसले म्हणून किंवा पोरांच्या हट्टाखातर भोंगा वाजविणेही बंद व्हावे. उगाच वाजणाऱ्या भोंग्याकडे खऱ्या संकटातही कोणी लक्ष देत नाही.

तांडेल बंधूंनी वर्षातून एकदा, हंगामापूर्वी, कानांची ऑडिओमेट्री तपासणी करून घ्यावी. मोठ्या आवाजानंतर कानात दडे बसले किंवा घणघण सुरू झाली तर कानांना विश्रांती द्यावी. एक-दोन दिवसांत पूर्ववत झाले नाही, किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर विनाविलंब कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. होडीमालकांनी इंजिनाजवळच्या खलाशाला कानाचे संरक्षक द्यावेत. परवान्यासाठी होडीची पाहणी करणाऱ्यांनी जीवरक्षक जाकिटे मोजतात तसे भोंगा कोठे बसविला आहे, हेही पाहावे.

इंजिन बिघडले तर नवे मिळते. कान मात्र जन्माला येताना मिळालेले दोनच, तेव्हा यंदा होडीला रंग देताना भोंग्याची जागाही बदला.