डॉल्बीच्या भिंतीमागचा पोरगा

कोल्हापुरात कुणालाही विचारा, डॉल्बी म्हणजे काय? तो सांगेल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एकावर एक रचलेली स्पीकरची भिंत, तिच्यापुढे नाचणारी पोरे आणि आसपासच्या घरांतल्या मांडणीवर थरथरणारी भांडी. आता गंमत पाहा. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन अभियंत्याने नाव मिळवले ते ध्वनिफितीतली खरखर कमी करून. १९६३ पासून दोन वर्षे तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. टेपवरची खरखर कशी घालवावी याची कल्पना त्याला इथेच सुचली, आणि १९६५ साली लंडनला जाऊन त्याने आपली कंपनी काढली. २०१३ साली तो वारला. गोंगाट घालवणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटालाच दिले. बारसे करावे तर आम्ही कोल्हापूरकरांनी!

गणपती जवळ आले की दरवर्षी तोच वाद सुरू होतो. एका बाजूला घरात आजारी माणूस असलेले लोक, दुसऱ्या बाजूला तालमीतली आणि मंडळांतली पोरे, आणि मध्ये डेसिबल मोजायचे यंत्र घेतलेले पोलीस. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पुष्कळांना वाटते, ५५ चे १०५ झाले म्हणजे आवाज जेमतेम दुप्पट झाला. पण हा हिशेब सरळव्याजाचा नव्हे. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. ५५ वरून १०५ म्हणजे दहाच्या पाच पायऱ्या, म्हणजे एक लाख पट. बँकेत हयात गेल्यामुळे मला हे चक्रवाढीच्या भाषेतच समजते. मिरजकर तिकटीवरून महाद्वार रोडकडे निघालेल्या मिरवणुकीत ज्या घरातली म्हातारी छातीवर हात धरून बसते, तिची तक्रार खोटी नाही. तिथे मी नियमाच्या बाजूचा आहे, आणि त्यात घासाघीस नको.

पण याच वादात एक वाक्य हमखास येते आणि तिथे माझे बिनसते. 'हे मुळी संगीतच नव्हे, यंत्राचा धिंगाणा आहे.' आवाज मोठा आहे आणि संगीत वाईट आहे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आपण त्यांची गाठ मारून ठेवली आहे.

इंग्लंडात याच भांडणातून काय निघाले ते पाहण्याजोगे आहे. जमैकातून आलेल्या कष्टकरी माणसांनी तिथे स्पीकरच्या अशाच भिंती उभ्या केल्या. शेजारीपाजारी अर्थातच वैतागले. पुढे माळावर रात्र-रात्र चालणारे नाच सुरू झाले, तेव्हा १९९४ साली सरकारने कायदाच केला. एकच ठेका पुन:पुन्हा वाजवणारे संगीत मोठ्याने लावून रात्री उघड्यावर जमलेली गर्दी पोलिसांना हटवता येऊ लागली. हा कायदा होऊन दोन-तीन महिने झाले नाहीत तोच, जानेवारी १९९५ मध्ये, 'लेफ्टफील्ड' नावाच्या जोडीचा पहिला अल्बम आला, 'लेफ्टिझम'. नील बार्न्स आणि पॉल डेली हे दोघेही मुळात तालवाद्ये वाजवणारे. त्यांनी यंत्रावर ठेके बांधले, त्यात जमैकाचा खोल खर्ज आणला, गायला निरनिराळी माणसे बोलावली. तिथल्या मानाच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत त्या वर्षी हा अल्बम होता. आवाजाच्या बाबतीत ही जोडीही काही सोवळी नव्हती. १९९६ साली लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत त्यांचा कार्यक्रम चालू असताना छताचा गिलावा खाली आला, ही गोष्ट तिकडे अजून सांगतात.

मुलाने मला हा अल्बम ऐकवला तो कानाला हेडफोन लावून, अगदी बेताच्या आवाजात. सगळाच आवडला असे म्हणणार नाही. दोन-तीन ठिकाणी कंटाळा आला, हेही खरे. पण ठेक्याखाली ठेका कसा सरकवलाय, एक आवाज काढून घेतल्यावर दुसरा कसा उजळतो, हे कळत होते. गिलावा पडल्याशिवाय हे संगीत कळत नाही असे मुळीच नाही.

आणि यात इंग्रजांचे कौतुक करण्याचेही फारसे कारण नाही. त्यांच्या तेरा वर्षे आधी, १९८२ साली, मुंबईत एक तबकडी निघाली होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक. त्यांनी नव्याने आलेली तीन जपानी यंत्रे जोडली आणि भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी फारशी कुणी घेतली नाही. त्या तिघांतले एक यंत्र बास गिटारची नक्कल करण्यासाठी बनवलेले. नक्कल काही जमली नाही म्हणून १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केले. पुढे शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातून तेच उचलले आणि त्याच्या चिरक्या, वळवळत्या आवाजातून १९८७ च्या सुमारास नवा प्रकारच उभा केला. चरणजित सिंगांची तबकडी २०१० मध्ये एका हॉलंडवासी शौकिनाने पुन्हा काढली, तेव्हा हे भारतात आधीच होऊन गेले होते यावर तिकडे कित्येकांचा विश्वासच बसेना. सत्तरी ओलांडलेला हा वादक मग युरोपात कार्यक्रम करून आला. २०१५ साली मुंबईत तो वारला.

यंत्राची खोट हीच त्याची शैली होते, हे आपल्या गावाला तरी नवे वाटू नये. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी बिघडला होता. त्या बिघडलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने ती या गावात वाढली.

आता भिंतीमागच्या पोराविषयी. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे साऊंडवाल्यांच्या कर्जाच्या फायली येत. बेस, टॉप, ॲम्प्लिफायर, मिक्सर, जनरेटर यांची कोटेशने, दोन जामीनदार. धंदा म्हणाल तर शिवजयंती, आंबेडकर जयंती, लग्नातल्या हळदी, गणपती आणि नवरात्र. बाकी दिवस हप्ता अंगावर. करवीर तालुक्यातला एक पोरगा थकलेल्या हप्त्याची मुदत मागायला आला होता. बोलता बोलता त्याने मोबाइलवर एक तुकडा ऐकवला. कुठल्याशा सिनेमाचे गाणे होते. पण त्यातला मूळचा ठेका काढून त्याने खाली हलगी घातली होती, मध्येच घुमके आणि कैताळ. खासबागेत कुस्ती रंगात आल्यावर वाजते तशी चढत जाणारी हलगी.

"हे कुणी केलं?" मी विचारले.

"मीच बसवलंय सायब. चार राती लागल्या."

तेवढ्यात त्या गाण्यात कुणीतरी स्वत:चेच नाव घोगऱ्या आवाजात ओरडले. हे कशाला, असे मी म्हणालो. तर तो म्हणाला, "गाणं दुसऱ्याचं, चाल दुसऱ्याची. माझं नाव टाकू कुठं? म्हणून मधीच वरडून घेतो."

त्याचे उत्तर मी विसरलेलो नाही. या पोराजवळ यंत्र आहे, कान आहे, आणि पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या घडलेला हलगीचा ठेका आहे. लंडनच्या त्या दोघांजवळ याहून वेगळे काय होते? पण त्याची कारागिरी एका रात्रीपुरती. ती वाजते शेजारच्या मंडळाची भिंत दाबून टाकण्यासाठी, आणि त्या ईर्ष्येत त्याने बसवलेली बारीक नक्षी त्याला स्वत:लाही ऐकू येत नाही. पाहणारे म्हणतात, नाद खुळा! वर्गणीतून पैसे मोजले जातात ते किती बेस आणि किती टॉप यावर. काय वाजवले, हे कुणी विचारत नाही. ज्या हलगीवाल्याचा ठेका त्याने उचलला, त्या हलगीवाल्याला तर मिरवणुकीचे आमंत्रणही उरलेले नाही.

बँकेत संगणक येणार म्हटल्यावर युनियनने दारात घोषणा दिल्या होत्या. संगणक आलाच, जाडजूड लेजरे गेली. पण बोटाच्या स्पर्शाने खोटी नोट ओळखणारा कॅशियर तशी नोट पुढेही ओळखतच राहिला. यंत्रापुढे माणूस कोण बसला आहे, याची चौकशी आपण मिक्सरच्या बाबतीत का करीत नाही?

मंडळांना माझे एकच मागणे आहे. भिंतीवर खर्च होणाऱ्या रकमेतला थोडा भाग बाजूला काढा. दोन हलगीवाले आणि हा मिक्सरवाला पोरगा यांना चार दिवस एका चांगल्या स्टुडिओत बसवा, आणि निघेल त्यावर तिघांचीही नावे छापा. ते पहिल्यांदा ऐकायला देवल क्लबात जमू. खुर्च्या मांडू, दारे लावून घेऊ, आणि आवाज इतकाच ठेवू की शेजारी बसलेल्याला हलगीची नुसती बोटे कुठे आणि काडी कुठे पडली ते सांगता येईल.