फॉलो केलंय, मग दिसत का नाही?

समजा तुम्ही एखाद्या मराठी वेबझिनला इन्स्टावर फॉलो केलंय. त्यांचा नवा लेख आला, तर तो तुम्हाला दिसेल का? दिसेलही, नक्की सांगता येत नाही. माझं भांडण या 'नक्की सांगता येत नाही'शी आहे. लेखकाने लिहिलंय, संपादकाने छापलंय, तुम्ही वाचायला तयार आहात आणि तरी मधला तिसराच कुणीतरी ठरवणार, की लेख तुमच्यापर्यंत पोचू द्यायचा की नाही.

आपण त्याला 'अल्गोरिदम' म्हणतो आणि पावसापाण्याबद्दल बोलावं तसं बोलतो: यंदा रीच कमी आहे बुवा. पण पाऊस कुणी ठरवत नाही; हे ठरवलेलं असतं. तुम्ही लिंक दाबून बाहेर गेलात तर ॲपमधल्या जाहिराती कोण बघणार? इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबताच येत नाही, म्हणून बिचारे संपादक 'लिंक बायोमध्ये' लिहीत बसतात.

यावर उपाय १९९९पासून आहे. नेटस्केपने आपल्या पोर्टलसाठी तो काढला. नाव आरएसएस. नाव ऐकून भुवया उंचावू नका, ही शाखा वेगळी: 'रिअली सिंपल सिंडिकेशन'. वेबसाइट आपल्या सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवते. तिच्यात ताज्या लेखांची शीर्षकं, लिंक, तारखा आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर असतो. हीच ती फीड. तुमच्या फोनवरचं रीडर ॲप अधूनमधून विचारतं, 'काही नवीन?' असेल तर यादीत येतं. त्या साइटवर खातं नको, फोन नंबर नको, ईमेल नको. कंटाळा आला तर नाव काढून टाका. कुणी 'आम्हाला का सोडून चाललात?' विचारणार नाही.

आणि ही यादी संपते. आज चार लेख आले, चार दिसले, बास. फोन ठेवा, जेवायला बसा. आज 'फीड' म्हटलं की आपल्याला न संपणारं स्क्रोल आठवतं. शब्द तोच राहिला, पण पूर्वी आपण हवं ते वाढून घेत होतो. आता पुढ्यात टाकलेला चारा चघळतो.

माझ्या क्षेत्रातले लोक लगेच म्हणतील, 'आरएसएस? ते तर मेलं.' मेलं नाही. १ जुलै २०१३ला गूगलने आपलं 'गूगल रीडर' बंद केलं, म्हणजे एका कंपनीने एक ॲप बंद केलं. पद्धत कुणाच्याच मालकीची नव्हती, त्यामुळे ती बंद करणंही कुणाच्या हातात नव्हतं. तुम्ही ऐकता त्यातले बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएसवरूनच वेगवेगळ्या ॲपमध्ये पोचतात. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड आहे, फक्त ती कुठे दाखवत नाहीत.

दुसरा आक्षेप: 'मग नवीन काही सापडणार कसं?' जसं नेहमी सापडत आलंय तसं. मित्राने पाठवलेल्या लिंकमधून, लेखातल्या उल्लेखातून. सापडण्यासाठी इन्स्टा जरूर वापरा. पण एकदा सापडलेलं पुन्हा भेटावं यासाठी त्याच्या दारात का उभं राहायचं?

तिसरा आक्षेप संपादकांचा आणि तो खरा आहे: पूर्ण लेख फीडमध्ये दिला तर वाचक साइटवर येणार कशाला, आणि जाहिरात कोण बघणार? ठीक आहे, दोन परिच्छेद द्या आणि पुढे लिंक द्या. पण द्या. आज मराठी साइट उघडली की व्हॉट्सॲपला जोडून घ्या, फेसबुकवर लाइक करा, बेल दाबा अशी आवतणं असतात. फीडचं नारिंगी चिन्ह शोधूनही सापडत नाही. गंमत म्हणजे यातल्या कितीतरी साइट वर्डप्रेसवर चालतात आणि वर्डप्रेस फीड आपोआप बनवतं. वाढलेलं ताट झाकून ठेवायचं आणि पाहुण्याला शेजारच्या हॉटेलात पाठवायचं, असला हा प्रकार.

मोठ्या दैनिकाला हे परवडेल. लोक त्याचं नाव टाइप करून येतात. महिन्याला तीन लेख काढणाऱ्या छोट्या मराठी वेबझिनला परवडत नाही. त्याच्याकडे जाहिरातीला पैसा नाही आणि रोज रील करायला माणूस नाही. त्याच्याकडे आहेत फक्त मनापासून वाचणारे तीनशे-चारशे वाचक. त्यांची यादी जर परक्या कंपनीच्या कुलपात असेल, तर एक दिवस नियम बदलतील आणि चांगलं लिहूनही ते लिखाण कुणाला दिसणार नाही.

तेव्हा संपादकांनो, चिन्ह पहिल्या पानावर लावा. माझ्यासारख्या इंजिनिअरांनो, साइट नव्याने बांधताना 'हे वापरतं कोण?' म्हणत फीड उडवू नका. अँड्रॉइडवर 'फीडर', आयफोनवर 'नेटन्यूजवायर' फुकट आहे. आवडत्या साइटचा पत्ता त्यात टाका. बहुतेक वेळा फीड ते स्वतःच शोधतं. नाही सापडली तर संपादकांना दोन ओळींचा मेल करा: 'तुमची फीड कुठे आहे?' असे दहा मेल गेले तरी चिन्ह परत येईल.